"२००५ ला हितवर आलतं": सांगलीच्या पुराचं एक प्रकरण

आमच्या गावभागातल्या जुन्या घरात जिन्याखालच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ आहे, बाजूला काकांच्या अक्षरात "ऑगस्ट २००५" एवढंच. जमिनीपासून साधारण चार फुटांवर. पूर ओसरला, चिखल काढून झाला, भिंती वाळल्या आणि मग काकांनी ती मारली, पुढच्या पोरांना कळावं पाणी कुठवर आलं होतं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण त्या रेघेचं पुढच्या चौदा वर्षांत आमच्या घरात काय झालं, आणि फक्त आमच्या घरात नाही तर अख्ख्या सांगलीत काय झालं, ते मला एकदा नीट लिहून काढायचंय.

कारण असं की हवामान बदलाचा विषय निघाला की लगेच म्हटलं जातं, लोक मानतच नाहीत, लोकांना पडलेलीच नाही. मला आमच्याकडे ते तसं दिसत नाही. सांगलीत मी आजवर एकही माणूस बघितला नाही जो म्हणाला की हे हवामान बदल वगैरे खोटं आहे. "पाऊस पयल्यासारखा राहिला न्हाई" हे तर कटिंगच्या दुकानापासून मार्केट यार्डापर्यंत रोज ऐकू येणारं वाक्य. येल विद्यापीठ आणि सी-व्होटरने २०२१-२२ मध्ये भारतभर सर्व्हे केला होता, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना या विषयाची माहिती फार कमी किंवा अजिबात नव्हती, पण दोन ओळीत समजावून सांगितल्यावर ८४ टक्के लोक म्हणाले की हो, असं होतंय. मग नकार आहे कुठे? माझं म्हणणं आहे तो त्या निळ्या रेघेत आहे. मानायचं सगळं, फक्त मागच्या वेळेपेक्षा जास्त होईल हे मानायचं नाही.

आधी सांगलीचा पूर कसा येतो ते

बाहेरच्या लोकांना हे पटकन समजत नाही म्हणून सांगतो. सांगली शहरात स्वतःचा पाऊस फार नसतो. जत-आटपाडी तर दुष्काळीच. आमच्याकडे पूर येतो तो कोरड्या आभाळाखाली सुद्धा येऊ शकतो, कारण पाणी पडतं महाबळेश्वरला, नवजाला, कोयनानगरला, चांदोलीला. कोयना कराडला कृष्णेला मिळते, येरळा ब्रह्मनाळजवळ मिळते, वारणा हरिपूरला मिळते, आणि खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणजे सांगली ही या सगळ्या पाण्याच्या मधोमध बसलेली. घाटात पाऊस झाला की ते पाणी आमच्यापर्यंत यायला दिवस-दीड दिवस लागतो असं जुनी माणसं धरतात.

हा वेळ फार मोलाचा आहे, मुंबईला किंवा चिपळूणला एवढा मिळत नाही. आमच्याकडे पूर सांगून येतो. पावसाळ्यात सगळ्या गावाचा एकच प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, १९२९ चा, त्याच्यावर फुटांच्या खुणा, ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी. व्हॉट्सॲपवर तासातासाला आकडा फिरतो. कितीला कुठं पाणी शिरतं हे पण लोकांना पाठ, आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडची बाजू, मग मारुती चौक, मग गावभाग, मग पेठा. एवढं बारकाईने नदी वाचणारं शहर दुसरं कुठलं असेल मला माहीत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला जास्त लागतं. सांगलीकर अडाणी नाहीत. माहिती कमी पडली म्हणून २०१९ घडलं असं कुणी म्हणू शकत नाही.

२००५ ला आयर्विनला पाणी साधारण ५४ फुटांपर्यंत गेलं. जुनी माणसं त्याआधी १९१४ च्या पुराच्या गोष्टी सांगायची पण तो पूर बघितलेलं कुणी राहिलं नव्हतं, त्यामुळे २००५ हाच आमच्या डोक्यातला शेवटचा शब्द झाला. "जन्मात एकदा बघायला मिळतंय असलं," असं आजी म्हणायची. आणि खरंच सगळ्यांनी ते तसंच धरलं. गल्लोगल्ली खुणा झाल्या, कुणी दुकानाच्या खांबावर, कुणी देवळाच्या पायरीजवळ, कुणी नुसतं तोंडी, "आमच्या टीव्हीच्या स्टँडपर्यंत". नवीन घर बांधताना, दुकानात फळ्या ठोकताना, मीटर बसवताना हीच खूण धरून कामं झाली. म्हणजे धडा घेतला नाही असं नाही हं, धडा घेतला होता. पण एका विशिष्ट आकड्याचा धडा घेतला.

नागपंचमीचा आठवडा

२०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला सोमवारी होती. त्याच दिवशी काश्मीरचं ३७० कलम गेलं, त्यामुळे दिवसभर घराघरात टीव्हीवर तेच चालू होतं आणि आमच्याकडे नदी चढत होती. पाणी आमच्या घरात नेहमीच सगळ्यात शेवटी येतं असा एक समज होता, त्यात तळमजल्यावर आमचं वह्या-पुस्तकं आणि स्टेशनरीचं छोटं दुकान, शाळांचा सीझन नुकताच सरलेला, माल बऱ्यापैकी होता. वडिलांनी काय केलं? टेप घेतली, २००५ च्या रेघेपासून वर एक फूट मोजलं आणि तिथे फळ्या ठोकून सगळा माल त्याच्यावर चढवला. मी पुण्यात होतो, फोनवर म्हटलं आप्पा गाडी करून माल मिरजेला मामाकडे हलवूया ना, तर म्हणाले, "आरं २००५ ला हितवर आलतं, त्याच्या वर एक फूट ठेवलंय की. तेवढं काय येत न्हाई."

मी गप्प बसलो. मला पण ते पटलं होतं, हे लिहिणं गरजेचं आहे. मी रोज हवामानाच्या बातम्या वाचणारा माणूस, ध्रुवावरचा बर्फ वितळतोय ते शेअर करणारा, पण आमच्या घराचा हिशेब आला तेव्हा मी सुद्धा रेघेवर विश्वास ठेवला.

पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, साडेसत्तावन्नच्या आसपास. २००५ पेक्षा साडेतीन फूट जास्त. म्हणजे आमच्या दाराच्या चौकटीच्या वर. एक फूट सोडून बांधलेल्या त्या फळ्या कधीच पाण्याखाली गेल्या. कागद पाणी प्यायला की फुगतो, आणि गठ्ठ्यातला कागद फुगला की त्याचा जोर इतका असतो की आमची लोखंडी मांडणी वाकली होती, हे मी नंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. आजी, काका, काकू आणि आप्पा वरच्या मजल्यावर तीन रात्री होते. लाईट नाही, फोन बंद, प्यायचं पाणी बादलीत जपून. चौथ्या दिवशी बोट आली.

आमचं नुकसान कागदाचं झालं, भरून निघालं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावातली बोट उलटली आणि १७ माणसं गेली. बायका होत्या, लहान लेकरं होती. ती माणसं पाणी वाढत असताना दोन दिवस आधी का बाहेर पडली नाहीत असं विचारणारे खूप भेटले तेव्हा, आणि त्यातल्या कुणीच मला सांगू शकलं नाही की ते स्वतः त्या गावात असते तर बाहेर पडले असते का. गोठ्यात जनावरं असतात, घरात म्हातारी माणसं असतात, आणि डोक्यात २००५ असतं. त्या आठवड्यात कोल्हापूर-सांगली मिळून चार लाखांवर लोक हलवावे लागले, पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. आणि त्याच जिल्ह्यात त्याच वेळी जत-आटपाडीकडे टँकर चालू होते. एका जिल्ह्यात एकीकडे बोट आणि दुसरीकडे टँकर.

"हे पाणी कुणी सोडलं?"

पूर ओसरायच्या आत हा प्रश्न सुरू झाला. दोन उत्तरं होती, वरच्या कोयनेवाल्यांनी वेळेवर सोडलं नाही आणि मग एकदम सोडलं, किंवा खाली कर्नाटकने कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी अडवून धरलं म्हणून फुगवटा मागे आला. चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत हेच.

यातलं काहीच खोटं नाही असं मला म्हणायचं नाही आणि सगळंच खोटं आहे असंही नाही. १०५ टीएमसीचं कोयना धरण ऑगस्टच्या सुरुवातीला किती भरलेलं असावं, पावसाचा अंदाज बघून आधीच जागा का करू नये, हा एकदम रास्त प्रश्न आहे. अलमट्टीबद्दल सरकारनेच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात अलमट्टीमुळे सांगली-कोल्हापूरला पूर आला असं निघत नाही असं म्हटलं आणि बोट ठेवलं ते अतिवृष्टीवर, नदीपात्रातल्या आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर, पाण्याची वाट अडवणाऱ्या गोष्टींवर. आमच्याकडच्या बऱ्याच अभ्यासू लोकांना हा निष्कर्ष मान्य नाही, ते हिप्परगी बंधारा, गाळ, नदीचा सपाट उतार असे मुद्दे मांडतात, आणि कृष्णा पाणी तंटा लवादाने अलमट्टीची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला दिलेली परवानगी ही त्यांची खरी भीती आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यावरून सर्वपक्षीय आंदोलन झालं, सगळे झेंडे एका रस्त्यावर आले. भांडावं, जरूर भांडावं.

पण मला दिसतं ते असं. अलमट्टीवर दोन तास बोलणाऱ्या माणसाला मी विचारतो की बरं, अलमट्टी रिकामी आहे असं धरू, कोयनेने सगळं बरोबर केलं असं धरू, तरी महाबळेश्वरला एका दिवसात जो पाऊस पडला त्याचं काय? तर तिथे बोलणं थांबतं. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०१९ च्या पाहणीनंतर आकडे सांगितले होते, २००५ ला सांगलीत ३१ दिवसांत सरासरीच्या २१७ टक्के पाऊस झाला होता आणि २०१९ ला ९ दिवसांत ७५८ टक्के. हा आकडा पेपरात आला, लोकांनी वाचला, आणि त्याचा उपयोग झाला तो फक्त "सरकार हात झटकतंय" असं म्हणायला. तसं वाटण्याला कारण होतं, कारण त्याच आठवड्यात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असेल तरच धान्य मिळेल असा आदेश निघाला होता आणि त्याचा लोकांना मनापासून संताप आला होता, मला पण. पण त्या संतापात तो आकडा वाहून गेला. महिनाभराचं पाणी आठवड्यात पडायला लागलं तर नदीचं, धरणाचं, गटाराचं, पुलाचं, सगळ्यांचंच गणित चुकतं.

हे का होतं ते समजायला अवघड नाही. हवा एक डिग्रीने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतोय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ ला दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात देशाच्या मधल्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात आणि त्याचं बाष्प मुख्यतः अरबी समुद्राकडून येतं. त्यातली दुसरी गोष्ट लोक विसरतात, एकूण मोसमी पाऊस वाढलेला नाही, उलट कमी होत गेलाय. म्हणजे कोरडे दिवस जास्त आणि पडला की एकदम. आमच्या आजीचं "पाऊस पयल्यासारखा राहिला न्हाई" आणि हा पेपर, दोन्ही एकच सांगतायत. २०१९ चा पूर हवामान बदलामुळेच आला असं कुणी एका वाक्यात म्हटलं तर ते कच्चं विधान आहे, एका पुराचा तसा सरळ हिशेब होत नाही. पण जुन्या रेघा जुन्या पावसावर आखलेल्या आहेत आणि तो पाऊस आता राहिलेला नाही, एवढं सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

दोष दुसऱ्याच्या धरणात सापडला की आपल्या गल्लीत करण्यासारखं काही उरत नाही. कर्नाटकाने दार उघडलं की प्रश्न मिटला. मग आपल्या वॉर्डातला बुजवलेला नाला, शामरावनगरसारख्या सखल काळ्या रानात पडलेले गुंठेवारीचे प्लॉट, पुलांच्या दोन्ही बाजूंना टाकलेले मातीचे भराव जे पुराच्या वेळी बांधासारखे आडवे येतात, हे सगळं अलमट्टीच्या मागे लपतं. नकार माझ्या बघण्यात असाच आलाय. समोरचं खोटं आहे असं कुणी म्हणत नाही, फक्त ते आपल्यापासून दोन-अडीचशे किलोमीटर लांब ढकलतात.

आणि मग २०२१

दोन वर्षांत परत. २२ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हे परत वाचा, सांगली शहराचा साधारण वर्षाचा पाऊस जेवढा असतो जवळजवळ तेवढा एका दिवसात. त्याच दिवशी चिपळूण बुडालं, त्याच संध्याकाळी महाडजवळ तळीये गावावर दरड आली. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५६ फुटांच्या वर गेली, म्हणजे २०१९ चा विक्रम पण मोडला. सांगलीत आयर्विनला ५५ च्या आसपास थांबलं.

या वेळी सांगली हलली, हे आवर्जून सांगायला पाहिजे. २०१९ चा चिखल अजून नाकात होता. व्यापाऱ्यांनी दोन दिवस आधीच माल हलवला, लोकांनी गाड्या उंचावरच्या रस्त्यांवर नेऊन लावल्या, कितीतरी कुटुंबं बोट यायच्या आधी स्वतःहून नातेवाइकांकडे गेली, जनावरं सोडवून नेली. आप्पांनी पण टेम्पो केला. म्हणजे घाई करता येते, सगळ्या गावाला एकदम करता येते, कुणी भाषण न देता करता येते. ज्यांना वाटतं की लोकांना तातडी वाटतच नाही त्यांनी ते दोन दिवस बघायला हवे होते.

पण मग पाणी ओसरल्यावर जे झालं ते मला २०१९ पेक्षा जास्त खुपलं. सगळे म्हणायला लागले, "या बारीला बरं झालं, २०१९ एवढं न्हाई आलं." कापड पेठेत, भाजीत, बँकेच्या लाईनमध्ये, आमच्या घरात पण. अहो, ५५ फूट! २००५ चं जे पाणी आजीने जन्मात एकदाचं म्हटलं होतं, ज्याच्यासाठी काकांनी ऑइलपेंट आणला होता, त्याच्यापेक्षा हे फूटभर जास्त होतं. सोळा वर्षांत "जन्मात एकदा" चं "बरं झालं" झालं. कुणी आम्हाला फसवलं नाही, आमची आम्हीच खूण वर सरकवली आणि खुणेच्या खाली जे येईल ते साधं मानायला लागलो. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला, माणसामुळेच तापमान वाढलंय यात शंका नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं, आणि तेव्हा आम्ही पंचनाम्याच्या रांगेत होतो. रांगेतल्या माणसाला दहा हजारांच्या मदतीशिवाय काही सुचत नाही, त्याला दोष देता येत नाही. दोष त्याचा नाही पण वेळ मात्र तीच होती, बोलायची.

२०२२ ठीक गेलं. २०२३ ला पाऊसच कमी, नदीत पाणी नाही म्हणून कोयनेतून कधी सोडणार यावर भांडणं. ज्या धरणाला चार वर्षांपूर्वी "पाणी आधी का सोडलं नाही" म्हणून शिव्या दिल्या त्याच धरणाला "पाणी का सोडत नाही" म्हणून दिल्या. बदललेल्या पावसाचीच ही दोन टोकं आहेत असं कुणी तेव्हा बोललं असतं तर मला वाटतं लोकांनी ऐकून घेतलं असतं.

रेषा

महाराष्ट्रात नदीकाठाला दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधकाम नको, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून. आता हे "१०० वर्षांत एकदा" शब्द फार घात करतात. लोकांना वाटतं एकदा आला म्हणजे पुढची १०० वर्षं सुट्टी. खरं म्हणजे त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, म्हणजे ३० वर्षं राहायचं असेल तर त्या घराला लाल रेषेचं पाणी लागायची शक्यता चारात एक, आणि ही पण जुन्या पावसाच्या नोंदी धरून. पावसाची जातच बदलली तर ती चारात एक राहील कशी.

या रेषेबद्दल आमच्याकडे, चिपळूणला, महाडला सगळीकडे लोकांची पहिली मागणी काय होती? रेषा रद्द करा किंवा मागे घ्या. मला त्या लोकांवर रागवता येत नाही. ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून दीड गुंठा घेतला त्याच्या प्लॉटवरून लाल रेषा गेली की दुसऱ्या दिवशी भाव पडतो, बँक कर्जाला का-कू करते, बांधकाम परवाना अडतो. रेषा त्याच्यासाठी पुरापेक्षा मोठं संकट आहे, पूर आठ दिवसांत ओसरतो, रेषा ओसरत नाही. त्याला पर्यायी जागा, भरपाई, टीडीआर (म्हणजे इथल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क), तळमजला मोकळा सोडून खांबांवर बांधायला सवलत असं काहीतरी ठोस दिल्याशिवाय नुसती रेषा ओढली तर तो रेषेलाच विरोध करणार. आणि नगरसेवक त्याच्या बाजूने उभा राहणार.

पर्यायी जागा दिली म्हणजे झालं असंही नाही. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचं बघा. १९८९ च्या पुरानंतर तिथल्या लोकांना सोनतळीला उंचावर प्लॉट दिले. तीस वर्षांनी २०१९ ला त्याच गावांतून बोटींनी माणसं काढावी लागली, २०२१ ला परत. लोक गेले नाहीत कारण शेत इथे, म्हशी इथे, उसाचं रान नदीला लागून, आणि घर हे फक्त झोपायची जागा नसते. पूर वर्षातले चार दिवस, तेही दरवर्षी नाही, आणि शेत रोजचं. हे गणित मी त्यांच्याजागी असतो तर वेगळं केलं असतं असं मला छातीठोक सांगता येत नाही. पण ते गणित चालायचं जेव्हा दोन मोठ्या पुरांमध्ये एक पिढी जायची. आता दोन वर्षं जातात.

हरिपूरच्या पेवांची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे, कारण ती मला या सगळ्याचा गाभा वाटते. सांगलीची हळद पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, खोल खड्डे, वरून बंद, वर्षानुवर्षं हळद किडत नाही की रंग उतरत नाही. विचार करा, नदीपासून हाकेच्या अंतरावर लाखोंचा माल जमिनीखाली ठेवायचा, याला केवढा विश्वास लागतो. आणि तो आंधळा नव्हता, पिढ्यान् पिढ्या नदी बघून ठरवलेली जागा होती ती, नदी इथवर येते आणि इथे थांबते. २००५ ला पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, आणि तो धंदा तिथून जवळजवळ उठलाच. पेववाल्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. ते ज्या नदीबद्दल होतं ती नदी बदलली. त्यांनी ते एका पुरात ओळखलं आणि माल गोडाऊनला, कोल्ड स्टोरेजला हलवला. व्यापारी होते म्हणून, पैसा अडकला होता म्हणून कदाचित. पण त्यांनी खूण मारून तिच्या एक फूट वर परत हळद ठेवली नाही.

आता जागतिक बँकेच्या कर्जातून तीन हजार कोटींच्या वरचा पूरनियंत्रणाचा आणि पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायचा कार्यक्रम येतोय. झाला तर उपयोग होईल, जतला पाणी मिळालं तर मला आनंदच आहे. पण त्याची बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, "आता पुराचं टेन्शन संपलं". पाईप अजून पडायचेत. आणि वर घाटात, जिथून हे पाणी येतं, तिथल्या पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालापासून मसुद्यावर मसुदा अशी फिरतेय, जुलै २०२४ ला सहावा मसुदा निघाला. सांगलीतल्या कुणालाच तो आपला विषय वाटत नाही. महाबळेश्वरचा डोंगर कापला तर गाळ कुठे येणार, आयर्विनखालीच ना.

मी गेली दोन-तीन वर्षं एक करतोय, जमेल तेवढं. पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर आयर्विनच्या आकड्याबरोबर नवजा, महाबळेश्वर, कोयनानगरचा पाऊस आणि कोयनेचा विसर्ग टाकतो, आणि खाली लिहितो की उद्या किती येईल याचा अंदाज घ्या, २०१९ शी तुलना करू नका. सुरुवातीला लोक चिडायचे, घाबरवतो म्हणून. आता काही जण स्वतःहून विचारतात, "नवजाला किती?" आयर्विनच्या आधी नवजा विचारणं हा मला मोठा बदल वाटतो, कारण आयर्विनचा आकडा झालेलं सांगतो आणि नवजाचा येणारं.

परवा दिवाळीत चुलतभाऊ भेटला. त्याने शामरावनगरकडे दीड गुंठा घेतलाय, पाया भरायचं चाललंय, स्वतः मला प्लॉट दाखवायला घेऊन गेला. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याचा मातकट पट्टा अजून दिसत होता. मी विचारलं जोतं किती उंच घेतोयस? त्याने त्या पट्ट्याकडे हात केला आणि म्हणाला, "त्याच्या वर एक फूट. बास की?"

मी त्याला तिथेच, वाळूच्या ढिगावर बसवून, आप्पांच्या फळ्यांची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत होती, चिखल काढायला तो पण होता. मग आम्ही मिस्त्रीला बोलावलं आणि तळमजला मोकळा सोडून खांबांवर घर घ्यायचं तर किती वाढतील ते विचारलं. मिस्त्री म्हणाला हिशेब करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही, भावाचं बजेट आधीच ताणलेलंय, आणि पायाचं काँक्रीट पुढच्या आठवड्यात आहे.